लिबरेटरच्या पोटातला हिरवा

शिरूर,
२१ जानेवारी १९७४

प्रिय व्याही मच्छिंद्रराव यांस,
चांगदेव रंगाऱ्याचा सप्रेम जयभीम.

एक तारखेला कोरेगावला, जयस्तंभापाशी भाकरी खाताना जे बोलणं झालं ते मी विसरलो असेन असं समजू नका. विहीणबाई सगळ्यांदेखत तुम्हाला म्हणाल्या, "सारा जल्म इमानाच्या पोटात काढला म्हणत्यात. पोट कसलं व्हतं ते मला कुणी दावलं? म्या इमान पायलं ते अंगणातनं, घारीएवढं." सगळे हसले. तुम्ही तुकडा मोडत मोडत हळूच म्हणालात, आत फोटो काढायची बंदी होती, नाही तर दाखवलं असतं. लेक तुमच्या घरात देऊन इतकी वर्षं झाली, पण तुम्ही माझ्याकडं कधी सुतळीचा तोडा मागितला नाही. त्या दिवशीही मागितलं नाहीत. मला मात्र मागितल्यासारखं ऐकू आलं.

तर तुमचं लिबरेटर विमान निम्मं झालंय. पांगाऱ्याचं लाकूड घेतलं, हलकं आणि चाकूला नरम. लांबी हातभर. तुम्ही मातीत काटकीनं काढून दाखवलं होतं तसं पोट फुगीर, पंख लांब नि अरुंद, शेपटाला दोन कान. पोट आतून कोरून पोकळ केलंय आणि डावी बाजू खुंट्यांवर बसवलीय. अलगद ओढली की फडताळ उघडल्यासारखं सगळं आतलं दिसेल. बाहेरचा चंदेरी रंग माझ्याकडं आहे. आतलं काय? माझ्याजवळ एका जुन्या मासिकातलं चित्र आहे, तेही बाहेरून काढलेलं आणि काळं-पांढरं. कुठं कुठला रंग होता ते कळवा. पण बोर्ड रंगवणाऱ्याला उमजेल असं कळवा, मिलिटरीच्या भाषेत नको.

आणि जरा ठळक लिहीत जा हो. मागचं पत्र मुंगीनं चालून लिहिल्यासारखं होतं. शाईची काटकसर माझ्यापाशी कशाला?

अंजनाला आशीर्वाद.

तुमचा
चांगदेव


दौंड,
२८ जानेवारी १९७४

प्रिय व्याही,
सप्रेम जयभीम.

ठळक लिहितो आहे. तुमची विहीण पार्वती म्हणते की एवढ्या अक्षरात लिहिलं तर पत्र नाही, वरातीचा बोर्ड होईल.

तुमचं पत्र वाचून मी थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो. आता मुद्द्याचं लिहितो. हे विमान अमेरिकेत घडलेलं, दुसऱ्या महायुद्धातलं. लढाई संपल्यावर कानपूरला मोडीत निघालेली विमानं आपल्या लोकांनी जुळवून पुन्हा उडवली, त्यातलं. मोडीतून जोडलेली, म्हणून सगळ्यांचं अंतरंग सारखं नसेल. लोहगावच्या हवाई तळावर दुरुस्तीला माझ्या हाताखाली जे होतं त्याचं सांगतो.

सर्वांत पुढे वैमानिकांची जागा. ती गडद हिरवी, जांभळीच्या जून पानासारखी, पण पानाची चकाकी वजा करा. समोरची घड्याळांची फळी काळी. जिथे जिथे प्राणवायूच्या बाटल्या लावल्या होत्या तिथे पिवळेजर्द ठिपके दिसायचे. शेपटीकडचा भाग बिनरंगाचा, नुसता पत्रा, बैलाच्या बरगड्या दिसाव्यात तशा त्याच्या बरगड्या.

आणि मधोमध बॉम्बखोली. तिच्यातून पुढून मागे जायला एकच पट्टी होती, वीतभर रुंद. खाली दारं. ती बाहेर लोंबायची नाहीत, दुकानाच्या शटरसारखी अंगाला घासत वर सरकायची. या खोलीला गंज न चढू देणारा अस्तराचा रंग होता. त्याला पोपटी म्हणावं तर पिवळा वाटतो, पिवळा म्हणावं तर पोपटी. परसात घेवडा आहे, त्याचं सर्वांत कोवळं पान सोबत पाठवतो. जवळपास हाच.

बाकी कुठे चुकलं तर चालेल. बॉम्बखोली चुकू देऊ नका. माझी नोकरी तिथे गुडघ्यांवर गेली. ती पार्वतीला होती तशीच दिसावी, एवढंच.

आपला
मच्छिंद्र साळवे


शिरूर,
४ फेब्रुवारी १९७४

प्रिय व्याही,

तुमचं पान पोचलं, पण वाटेत म्हातारं होऊन. पाकीट उघडलं तर तंबाखूची चिमूट. मी हुंगून पाहिलं आणि हसत सुटलो. चाळीस वर्षं रंगात हात असलेल्या माणसाला कुणी पालेभाजी पोस्टानं पाठवतं काय? पोस्टखात्याच्या थैलीत माणूससुद्धा वाळून जाईल.

पण घेवड्याचं कोवळं पान मला ठाऊक आहे. ते मनात धरून रंग कालवला. पिवळा घेतला, हिरवा घेतला, नावाला थोडी नीळ घातली. पोस्टकार्डाच्या तुकड्यावर फासून, वाळवून पाठवतो आहे. बघा आणि होकार कळवा, म्हणजे बॉम्बखोलीला हात घालतो.

शेपटीकडच्या पत्र्यासाठी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद चिकटवला. बरगड्या काड्यापेटीच्या काड्यांच्या. काड्या ओळीत बसवताना हल्ली वेळ लागतो. घरात अंधार फार, म्हणून दुपारी अंगणात बसतो. शेजारच्या तुळजाबाई म्हणतात, "पेंटर, चिमणीचं खोपं करताय का?"

तुमचा
चांगदेव


दौंड,
१२ फेब्रुवारी १९७४

प्रिय व्याही,

पानाबद्दल मी ऐकून घेतो. पण तुमचा तुकडाही चालणार नाही. राग मानू नका. हा हिरवा नाही, मोरपंखी आहे. पार्वतीनं पाहिला आणि म्हणाली, "ह्या रंगाचं लुगडं मला पायजे व्हतं." निळा पूर्ण काढून टाका. पिवळा वाढवा. मग आणखी वाढवा.

बरगड्या मात्र काड्यांच्या केल्यात हे फार आवडलं.

आपला
मच्छिंद्र


शिरूर,
२० फेब्रुवारी १९७४

प्रिय व्याही,

निळा बराचसा काढला, पिवळा घातला. मग आणखी घातला. आता तर हळदीकुंकवातली हळद झालीय, तरी तुमच्या समाधानासाठी पाठवतो. माझ्या डोळ्यांना पहिलाच बरा दिसत होता. विहीणबाईंना सांगा, लुगड्याचं मनावर घेतो.

मोरपंखी म्हणे! तुम्ही ते विमान सोडून इतकी वर्षं झाली. आठवणीचा रंग उन्हात ठेवलेल्या बोर्डासारखा असतो व्याही, आधी पिवळा उडतो.

चांगदेव


दौंड,
६ मार्च १९७४

प्रिय व्याही,

दुसरा तुकडाही मोरपंखीच आहे. पहिल्याचा धाकटा भाऊ. माझी आठवण उडाली असेल असं तुम्ही लिहिलंत, म्हणून साक्षीदार हजर करतो.

लोहगावला असताना डब्याच्या बुडाशी उरलेला तो रंग मी एकदा घरी आणला होता आणि पार्वतीच्या शिवणाच्या पत्र्याच्या डब्याला झाकणाच्या आतून दिला होता, गंजू नये म्हणून. पार्वती आजही म्हणते, "तवाधरनं माझी सुईबी सरकारी झाली." दौंडात हे नवं नाही. इथे कुणाच्या दाराला रेल्वेच्या डब्याचा तांबडा असतो, कुणाच्या न्हाणीला सिग्नलचा पांढरा. दार पाहून सांगता येतं घरधनी कुठल्या खात्यात आहे. तर झाकण कायम मिटलेलं असतं, त्याला ऊन लागलेलं नाही. काल उघडून पाहिलं. आहे तसाच आहे. मी मिनिटभर पुन्हा लोहगावला जाऊन आलो.

झाकण न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरकडे दिलं आहे. शिरूरच्या स्टँडवर घ्या. शेजारी ठेवून रंग कालवा आणि झाकण परत करा, नाही तर माझ्या घरात शांतता राहायची नाही.

आपला
मच्छिंद्र


शिरूर,
१५ मार्च १९७४

प्रिय व्याही,

झाकण मिळालं. अंगणात नेऊन, उन्हात धरून, सावलीत धरून पाहिलं. व्याही, तुम्ही माझी थट्टा तर करत नाही ना? हा हिरवा कुठाय? हे तर वाळलेलं गवत. चहा सांडलेल्या धोतराचा रंग. बिचारं झाकण अंधारात राहूनही पिकलं.

मागं मी इनामगावला गेलो होतो. तिथं घोड नदीच्या काठी, जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडात कॉलेजची माणसं खणतायत. हजारो वर्षांपूर्वीची खापरं निघालीत, तांबड्यावर काळी नक्षी, काल कुणी काढल्यासारखी. आणि तुमच्या सरकारचा रंग वीस वर्षंसुद्धा धड टिकू नये? त्या लोकांना लढाऊ विमान रंगवायला द्यायला हवं होतं.

मी आपला घेवड्याच्या पानावर भरवसा ठेवतो. बॉम्बखोली रंगवायला घेऊ का? हो म्हणा. मला ते लवकर पुरं करायचंय.

तुमचा
चांगदेव


दौंड,
१९ मार्च १९७४

ती. आबांस,
अंजनाचा साष्टांग जयभीम.

आबा, हे पत्र मी एकटीच लिहिते आहे आणि सरळच विचारते. तुमच्या डोळ्यांना काय झालंय?

ते झाकण मी रोज बघते. ते हिरवं आहे. सासूबाई म्हणतात हिरवं, मी म्हणते हिरवं, ह्यांना कामावरून आल्यावर दाखवलं तर हे म्हणाले, "पोपट बसलाय का काय?" आणि तुम्ही लिहिता चहाचा डाग. तुम्ही! लहानपणी मी चिंचेचं पान आणि शेवग्याचं पान डोळे मिटून सांगायची आणि तुम्ही त्या दोन हिरव्यांत फरक सांगायचात.

मग मला एकेक आठवायला लागलं. मागच्या वेळी मी आले तर तुम्ही मला दारात ओळखलं नाहीत, बोलल्यावर म्हणालात, "अगं, उन्हामुळं." रंगाच्या डब्यांना तुम्ही हात लावू दिला नाहीत, सगळे एका रांगेत, आणि मी एक हलवला तर ओरडलात. कंदिलाभोवती कडं दिसतं म्हणत होतात. ठळक लिहा म्हणता. आबा, मोतीबिंदू आहे हो हा. इथल्या शेजारणीच्या आईला असंच झालं होतं. ऑपरेशननं तिला दिसायला लागलं, आता तांदूळ निवडते.

मला खोटं लिहू नका. मी तुमचीच लेक आहे, खोटं ओळखते.

तुमची
अंजना


शिरूर,
२५ मार्च १९७४

चि. अंजनास आशीर्वाद.

पोरी, तू विचारलंस म्हणून सांगतो. डाव्या डोळ्यावर साय आलीय आणि उजव्यावर यायला लागलीय. दोनेक वर्षं झाली असतील. रंगाचे डबे रांगेनं ओळखतो, अक्षरं हाताच्या सवयीनं काढतो. गिऱ्हाईक अजून तक्रार करत नाही, मग मी कशाला करू?

पण ऑपरेशनचं नाव काढू नकोस. तुझ्या कोंडिबा चुलत्याचं तू पाहिलं आहेस. डोळा उघडायला गेला आणि होता तोही घालवून आला. आता काठीनं भिंत शोधतो. मी रंगारी आहे गं. सुताराचा डोळा गेला तर हात तरी उरतो, माझं काय उरेल? आज मला अर्धं दिसतं, चुकीच्या रंगाचं दिसतं, पण दिसतं. जेवढा उजेड शिल्लक आहे तेवढ्यात व्याह्यांचं विमान पुरं करतो. पुढचं पुढं.

आणि एक कर. तुझ्या मामंजींना यातलं काही सांगू नकोस. त्यांच्या मनात माझ्या हाताबद्दल मान आहे. तो राहू दे.

आबा


दौंड,
१ एप्रिल १९७४

प्रिय व्याही,
सप्रेम जयभीम.

आधी एक खुलासा. सूनबाईनं मला काहीही सांगितलेलं नाही. मीच तिला लिहायला सांगितलं होतं. "चहा सांडलेल्या धोतराचा रंग" हे वाचलं आणि मला कळलं. पण मुलीच्या बापाला तुमच्यात उणं आहे असं कुठल्या तोंडानं लिहू? म्हणून तिला लिहायला लावलं. तेवढा माझा दोष.

बॉम्बखोली रंगवू नका. कारण सांगतो. आमच्या खात्यात एक रीत होती. एकानं काम केलं की दुसऱ्यानं तपासायचं, आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय विमान जागचं हलायचं नाही. नवशिका असो नाहीतर उस्ताद असो. त्यात कुणाचा अपमान नव्हता. उस्ताद तर स्वतःहून हाक मारायचे, "ए, इकडं ये, बघ माझं काय राहिलंय." कारण प्रत्येकाला ठाऊक होतं की आपलाच डोळा आपल्याला फसवतो, तो बाहेरच्याला फसवत नाही.

तर दुसरा माणूस मी. मी तपासलं आणि काय राहिलंय ते सांगतो. झाकणाचा रंग बरोबर आहे. डोळा दुरुस्तीला हवा.

ऑपरेशनला तुम्ही कोंडिबाभाऊंमुळे भ्याल हे मी ओळखलं होतं, म्हणून त्यांचं काय झालं ते सूनबाईला विचारलं. ते तिसऱ्या दिवशी पट्टी सोडून शेळी व्यायली का बघायला गोठ्यात गेले होते. डॉक्टरनं डोळा घालवला नाही, शेळीनं घालवला. तुमच्याकडे शेळी नाही. आणि असलीच तरी मी तुमच्या खाटेपाशी बसणार आहे. पट्टीला हात लावलात तर हात बांधीन. व्याही म्हणून नाही, दुसरा सहीवाला म्हणून.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात चौकशी करून ठेवतो.

आपला
मच्छिंद्र


शिरूर,
११ मे १९७४

प्रिय व्याही,

महिना उलटून गेला, उत्तर दिलं नाही. रुसलो होतो. रुसायला माणूस लागतं, आणि माझ्या घरात माझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून स्वतःवरच रुसून बसलो. त्या रागात बॉम्बखोली माझ्या रंगानं रंगवूनही टाकली. सांगून टाकतो.

मग परवा तुमचं झाकण परत पाठवायला काढलं. तुळजाबाई कालवण घेऊन आल्या होत्या. मी सहज विचारलं, बाई, हा रंग कुठला? त्या म्हणाल्या, "म्हंजी?" मी म्हटलं, म्हंजे रंग कुठला. "हिरवा हाय की." मी म्हटलं नीट बघा. "आवं पेंटर, मला काय येडी समजता? कवळ्या घेवड्यावाणी हिरवा हाय." त्यांना तुमचं पत्र कुणी वाचून दाखवलेलं नाही. घेवडा त्यांनी स्वतःच्या मनानं आणला.

मग मी झाकण घेऊन रस्त्यावर गेलो. सायकलवाल्याला विचारलं, दूधवाल्याला विचारलं. दूधवाला म्हणाला, "चांगदेवकाका, परीक्षा हाय का ही?" सगळे पास झाले. मीच नापास.

तेव्हा या मला न्यायला. भ्यालो आहे, हे लपवत नाही. तुमच्याकडं रेल्वेचा संप पेटलाय, जावईबापू रेल्वेत, त्यांची काळजी वाटते. त्यांना सांभाळून, जमेल तेव्हा या. गाड्या बंद असल्या तरी एस.टी. आहे.

चांगदेव


पुणे,
२४ जून १९७४

चि. सौ. अंजना सूनबाईस आशीर्वाद.

हे पत्र पार्वतीलाही वाचून दाखव.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन परवा झालं. डॉक्टर म्हणतात नीट झालं, पण पट्टी निघेपर्यंत काही बोलता येत नाही. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या आहेत, मान हलवायची नाही. तुझे आबा म्हणतात, "मला वाळूच्या गाडीत घातलाय की दवाखान्यात?" नर्सबाईंनी दटावलं, हसायचं नाही. तर म्हणाले, "मग ह्या माणसाला बाहेर काढा. ह्याचं तोंड मला न दिसतासुद्धा हसू येतं."

थट्टा सकाळची. दुपारी जेवण झालं आणि वॉर्ड शांत झाला, तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला. म्हणाले, "काळं आहे हो सगळं. नुसतं काळं. असंच राहिलं तर?" मी त्यांच्या हातावर माझा दुसरा हात ठेवला. मग तेच म्हणाले, "मला विमानातनं न्या. पुढून मागं न्या. सावकाश."

मी नेलं. पुढच्या जागेतून खाली वाकून, बॉम्बखोलीच्या दाराशी, मग त्या पट्टीवर. कुठे हात धरायचा, कुठे डोकं सांभाळायचं, कुठे तेलाचा वास यायचा, कुठे पेट्रोलचा. पट्टीच्या मध्यावर आलो तर म्हणाले, "थांबा. इथं रंग सांगा." मी सांगितला. ते म्हणाले, "हां. पुढं चला." शेपटीपर्यंत पोचेस्तोवर झोपले होते. आज पुन्हा तीच फेरी मागितली. बाजूच्या खाटेवरचे मारुतराव आता मला विचारतात, "काका, आमचं इमान कवा सुटनार?"

मी बरा आहे. तुझ्या आबांकडे शेळी नाही, हे फार बरं आहे.

मच्छिंद्र साळवे


शिरूर,
२५ ऑगस्ट १९७४

प्रिय व्याही,
सप्रेम जयभीम, आणि हा जयभीम मला कागदावर स्पष्ट दिसतो आहे.

चष्मा मिळाला. काच सोडाबाटलीच्या बुडाएवढी जाड. पहिल्या दिवशी पायरी उंच वाटून घोड्यासारखा पाय उचलला, तर तुळजाबाईंना वाटलं मला वारं आलं. दुसऱ्या दिवशी फडताळातून विमान काढलं, डावी बाजू ओढली, आत पाहिलं.

व्याही, मी तुमच्या लिबरेटरच्या पोटात मोर पाळला होता! केवढा निळा! आणि तुम्ही बिचारे सभ्यपणे "पिवळा वाढवा, मग आणखी वाढवा" लिहीत बसलात. दुसरा कुणी असता तर सरळ म्हणाला असता, चांगदेवा, आंधळा झालास.

मग गावात गेलो, माझे बोर्ड बघायला. भीतभीतच गेलो. स्टँडाजवळच्या खानावळीच्या पाटीवर वरणाची वाटी काढली होती, ते वरण समुद्रासारखं निळसर. मालकाला म्हटलं, फुकट रंगवून देतो. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. निळं वरण कुठं मिळतं म्हून मानसं इचारत येत्यात." त्याचं राहू दिलं. तुमचं कसं राहू देईन? बॉम्बखोलीचा रंग कानशीनं खरवडून काढला. विहीणबाईंचं झाकण शेजारी उभं केलं आणि नव्यानं कालवला. या वेळी नीळ शेजारच्या घरात ठेवून आलो होतो.

विमान अंजनाबरोबर पाठवतो आहे. रीतीप्रमाणं दुसऱ्यानं तपासावं. माझी सही पोटाखाली आहे, शेजारी जागा सोडलीय.

दुसऱ्या डोळ्याचं तुम्ही विचारलं होतं. राहू द्या तो. एका डोळ्यावर झकास भागतंय. पुन्हा ती वाळू नको.

तुमचा
चांगदेव


दौंड,
५ सप्टेंबर १९७४

प्रिय व्याही,

विमान आलं. मी सूनबाईला म्हटलं, तू आणि पार्वती आधी बाहेर जा, मला तपासू दे. प्राणवायूच्या बाटल्या पाहिल्या. शटरची दारं नखानं वर सरकवली, सरकली. मग बॉम्बखोली पाहिली. तपासायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त बसलो. मग नाक पुसून पार्वतीला हाक मारली.

ती खाली बसली आणि आत वाकली. मग करंगळी त्या पट्टीवर टेकवली. "ह्येच्यावरनं चालायचं?"

मी म्हटलं, हो.

"आन् खाली?"

"खाली दार."

"उघडं?"

"कधी कधी उघडं."

"मला वाटलं रेल्वेच्या डब्यावाणी बाकडी आसतील. खिडकीपाशी बसून मज्जा बघत आसतील." एवढं बोलून ती पुन्हा आत बघत राहिली. मग म्हणाली, "रंग मातर ग्वाड हाय." संध्याकाळी मी न मागता माझ्या गुडघ्यांना तेल चोळायला बसली, आणि चोळताना रागावल्यासारखं जोरात चोळलं.

मी सही केली आहे. तुमच्या सहीशेजारी.

पण व्याही, डाव्या बाजूची तपासणी झाली म्हणून उजवी सोडून विमान उडालेलं मी पाहिलं नाही.

आपला
मच्छिंद्र


शिरूर,
१२ सप्टेंबर १९७४

प्रिय व्याही,

तुमचं पत्र सकाळी आलं. अंगणात बसून वाचलं. सही केलीत हे वाचून पुन्हा वाचलं.

समोर कुंपणावर तुळजाबाईंचा घेवडा चढलाय, श्रावणात फोफावला तो आता नव्या पानावर आलाय. सहज गंमत म्हणून उजवा डोळा झाकला आणि नव्या डोळ्यानं पाहिलं. मग चष्मा काढून नवा झाकला आणि जुन्यानं पाहिलं. तोच वेल, तेच पान. एकीकडं कोवळं, दुसरीकडं वाळलेलं. चार-पाच वेळा केलं. तुळजाबाईंनी विचारलं, "पेंटर, कुनाला डोळा मारताय?"

मला आधी हसू आलं आणि मग नाही आलं. त्या वाळलेल्या वेलालाच मी दोन वर्षं हिरवा म्हणत होतो आणि भांडत होतो. अंजना दारात आली तेव्हा ती मला ह्याच डोळ्यानं दिसली नव्हती. आता एका डोळ्यात सगळं आहे म्हणून दुसऱ्याला तसंच ठेवलं, तर उद्या पुन्हा कुठला खरा ते मीच विसरेन.

भीती वाटतेच. ती वाळू, ते काळं, ते न हलणं. पण विमानातनं पुढून मागं न्यायला तुम्ही आहात, आणि मला आता वाट पाठ झालीय.

दवाखान्यात जाऊन तारीख घ्या.

चांगदेव